वेदगंगेचे पाणी आणि इंजिनाचे हँडल

२०२१ सालच्या जुलै महिन्याची २२ तारीख आम्हा कर्नाटकातल्या माध्यमिक शिक्षकांच्या लक्षात राहिली ती दहावीच्या परीक्षेमुळे. कोरोनाच्या त्या वर्षी सबंध परीक्षा १९ आणि २२ जुलै अशा दोनच दिवसांत उरकण्यात आली. तीन विषय मिळून एक पेपर, आणि उत्तरे म्हणजे गोल काळे करायचे. दुसऱ्या दिवशीचे गठ्ठे सीलबंद करून रवाना केले तेव्हा बेळगावात पाऊस असा कोसळत होता की, व्हरांड्याच्या पत्र्यावरच्या आवाजात शिपाई काय म्हणतो ते ऐकू येईना. संध्याकाळी गावाकडून चुलतभावाचा फोन आला. वेदगंगेचे पाणी मळीच्या रानात शिरले होते, आणि ऐंशीच्या घरातली आमची आई, 'एकोणीस साली उंबऱ्याला लागलं न्हाई, आता काय लागतंय' म्हणून घर सोडायला तयार नव्हती.

मी गाडी काढली. तवंदीचा घाट उतरून रात्री निपाणीत बहिणीकडे मुक्काम केला आणि सकाळी आडरस्त्याने गावाकडे निघालो. त्या पाच-सहा मैलांत माझ्या मोटारीचे इंजिन कामातून गेले.

एवढ्यासाठी दिवाळी अंकाची पाने अडवू नयेत हे मला कळते. पुरात गाड्या गेल्या त्या हजारोंच्या, आणि ज्यांची घरे गेली त्यांच्यापुढे गाडीचे गाऱ्हाणे काय सांगायचे? परंतु ती गाडी गॅरेजात पोट उघडून पडली होती तेव्हा मला जे प्रश्न पडले ते मोटारीपेक्षा इतिहासाचे होते. आमच्या भागात इंजिन आणि पुराचे पाणी तीन पिढ्या शेजारी नांदत आले आहेत. माझ्या वडिलांचे ऑइल इंजिन वीसेक पावसाळे नदीच्या काठावर होते. जे त्याला कधी झाले नाही ते माझ्या मोटारीला पाच मिनिटांत कसे झाले?

आधी पाण्याचे आणि वाटेचे सांगतो. वेदगंगा उगवते भुदरगड तालुक्यात, पाटगावच्या अंगाला. गारगोटी, मुरगूड करीत ती निपाणी तालुक्यात उतरते, भोजपाशी दूधगंगेला मिळते आणि ते पाणी पुढे कृष्णेला जाते. १ नोव्हेंबर १९५६ ला या प्रदेशावर राज्यांची रेघ ओढली गेली, ती नदीला कोणी दाखवली नाही. निपाणीचा विद्यार्थी देवचंद महाविद्यालयात जातो तेव्हा पायी चालत राज्य बदलतो, आणि सह्याद्रीत पडलेला पाऊस कोणाला न विचारता रात्रीतून आमच्या मळीत येतो.

या नद्यांवर आमच्याकडे पूल कमी आणि बंधारे फार. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ज्याने पाहिला नसेल त्याच्यासाठी सांगतो : नदीच्या पात्रात ओळीने दगडी खांब, दोन खांबांमध्ये बरगे घालून पावसाळ्यानंतर पाणी अडवायचे आणि पावसाळ्यापूर्वी बरगे काढून नदी मोकळी करायची. बंधाऱ्याचा माथा हाच रस्ता. जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-यडूर ही नावे आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत दर जुलैला एकत्र छापून येतात, कारण ते बंधारे एकत्रच पाण्याखाली जातात. त्यात कोणाला आपत्ती वाटत नसे. बंधारा बुडाला की पलीकडची सोयरीक, पलीकडचा बाजार, पलीकडची शाळा चार-आठ दिवस बंद. माझ्या लहानपणी पलीकडच्या गावचे गुरुजी पुरामुळे आले नाहीत तर आम्ही मुले नदीला शाबासकी देत असू. नरसोबाच्या वाडीला तर पाणी देवळात चढते तो सोहळा असतो. दक्षिणद्वारातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्नान करायला माणसे मुद्दाम जातात. पूर आला की थांबायचे, ही समजूत आमच्या हाडीमाशी होती.

ती सुटली कधी? माझ्या मते हमरस्त्याने. पुणे-बंगळूर रस्ता निपाणीवरून जातो तो पूर्वीपासून, पण पूर्वी तोही थांबत असे. एकदा तो माणसांनी थांबवला. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी निपाणीजवळ याच रस्त्यावर ठाण मांडले होते. ६ एप्रिलच्या गोळीबारात त्यात माणसे गेली. त्या दिवसांत मी हायस्कुलात होतो आणि आमच्या घरातली भाकरी रोज त्या रस्त्यावर जात होती. असो, तो विषय वेगळा आहे. सांगायचे ते असे की, या शतकाच्या सुरुवातीला सुवर्ण चतुष्कोन योजनेत रस्ता चौपदरी झाला, उंच भराव पडले, आणि बेळगाव-कोल्हापूर हे अंतर आम्ही मैलांऐवजी तासांत मोजू लागलो. दोन तासांचा रस्ता म्हटला की तो दोन तासांत संपलाच पाहिजे. २००५ साली, २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली महापुराने आम्हाला थांबायला लावले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट; २०१९ आणि २०२१ या दोन्ही साली पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. शिरोलीपाशी हमरस्ता पाण्याखाली, इकडे यमगर्णीपाशी वेदगंगेने तो अडवलेला, आणि मधे ट्रकच्या रांगा. ज्या भरावाने रस्ता उंच झाला त्यानेच पाणी तुंबते, तेथे कमानी हव्यात, अशी मागणी तेव्हापासून होत आहे.

हमरस्ता अडल्यावर माणूस आडरस्ते शोधतो. तसा मी शोधला.

आता यंत्राकडे वळतो. इंजिनात पाणी शिरणे हा मोटारीचा रोग नव्हे, तो इंजिनाच्या जन्माइतका जुना आहे. बेळगाव स्टेशनवर मीटरगेजचे वाफेचे इंजिन ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवेल : गाडी सुटताना इंजिन चाकांजवळून दोन्ही बाजूंना वाफेचे फवारे सोडी आणि फलाटावरची मुले किंचाळत मागे पळत. आम्हाला वाटे, इंजिन रागावले. खरे कारण पुढे कळले. उभ्या इंजिनाच्या थंड सिलिंडरात वाफेचे पाणी होते. वाफ दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ते पाणी आत ठेवून दट्ट्या चालवला तर सिलिंडरचे झाकण फुटेल. म्हणून सिलिंडरच्या तळाच्या तोट्या उघडून ड्रायव्हर आधी पाणी बाहेर काढी आणि मग गाडीला वेग देई. म्हणजे पाणी आत असणार हे गृहीत धरूनच ते यंत्र केलेले होते.

पुढे तेलाची इंजिने आली. या बाबतीत बेळगावकरांनी मान थोडी ताठ करायला हरकत नाही. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलचे दुकान १८८८ साली निघाले ते बेळगावात. जागेच्या अडचणीमुळे कारखाना येथून उठला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, ही आपल्या गावाची हळहळ आहे. त्या घराण्याची तेलाच्या इंजिनांची कंपनी १९४६ साली पुण्याला निघाली आणि पुढच्या तीस वर्षांत कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा या नद्यांचे काठ डिझेल इंजिनांच्या ठोक्यांनी भरून गेले. माळाला तंबाखू आणि मळीला ऊस, असे आमच्याकडचे शेत. उसाला पाणी इंजिनाचे.

आमचे इंजिन एका सिलिंडरचे होते. दोन्ही अंगांना जड चाके, माथ्यावर एक छोटा खटका, आणि सुरू करायला लोखंडी हँडल. खटका वर केला की झडप उघडी राही आणि इंजिनातला दाब निघून जाई. मग हँडल मारून चाकाला गती द्यायची, गती भरली की खटका खाली टाकायचा, आणि इंजिन एक खोकला काढून धडधडू लागे. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. आबा चौथी शिकलेले, पण त्यांना इंजिनाची नाडी कळे. पावसाळ्यात पाणी चढू लागले की काठावरची इंजिने काढायला गावात एकच धांदल उडे. बैल लावून, ओंडक्यावरून घसरत ती वर आणायची. रात्री-अपरात्रीही माणसे एकमेकांच्या इंजिनाला खांदा देत, बोलाचाली नसलेले भाऊबंदसुद्धा.

१९७८-७९ च्या सुमारास एका वर्षी नदीने आम्हाला फसवले. इंजिन काढायला उशीर झाला आणि ते निम्मे बुडाले. पाणी ओसरल्यावर आम्ही ते पुसून घेतले, आणि मी, बारा वर्षांचा, हौसेने हँडलला हात घातला. अर्धा फेरा झाला आणि हँडल अडले. मी अंगाचे वजन टाकणार तोच आबांनी माझे मनगट धरले.

"आरं, हँडल आडतंय म्हंजे आत पाणी हाय. जोर करू नगंस."

त्यांनी खटका वर केला आणि चाक सावकाश हाताने फिरवले. धुराड्याच्या नळीतून गढूळ पाणी भळभळ बाहेर आले. तळाचे तेल सोडले तर ते ताकासारखे पांढुरके निघाले. तेल बदलले, नोझल साफ केले, डिझेलची टाकी धुतली, दोन दिवस ऊन दिले. तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू. खर्च काय तो तेलाचा. त्या दिवशी मी यंत्रशास्त्राचा जो धडा पाहिला तो माझ्या ध्यानात राहायला हवा होता. हँडल हे नुसते इंजिन सुरू करायचे साधन नव्हते; आत काय चालले आहे ते हाताला सांगणारी ती वस्तू होती. हाताचा जोर बेताचा, आणि अडल्यावर हात आपोआप थांबतो.

मोटारींनाही पूर्वी हँडल असे. मात्र त्याने माणसेही जखमी होत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. म्हणून अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ पासून कॅडिलॅक गाड्यांत तो बसू लागला. मोटार चालवणे सोपे झाले, मनगटे वाचली. त्या शोधाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे हँडल कितीतरी उशिरापर्यंत टिकले. अँबॅसडरच्या पुढच्या बंपरातून हँडल घालून गाडी सुरू करणारे ड्रायव्हर माझ्या पिढीने पाहिले आहेत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि हँडल गेले. किल्ली फिरवणे एवढेच माणसाच्या हाती उरले.

अँबॅसडरचा आणखी एक गुण होता, तो दोष म्हणून प्रसिद्ध होता. पाण्यात शिरली की ती लगेच बंद पडे. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. डिस्ट्रिब्यूटरला आणि प्लगच्या वायरींना पाणी लागले की ठिणगी मरते, आणि इंजिन थांबते. हवा ओढणारे भांडे मात्र इंजिनाच्या डोक्यावर, बरेच वर. म्हणजे इंजिनाने पाणी प्यायच्या आधी त्याचा श्वास बंद होई. ड्रायव्हर शिव्या देत उतरे, फडक्याने डिस्ट्रिब्यूटर पुसे, बिडी ओढे आणि तासाभराने गाडी सुरू होई. त्या बंद पडण्याने किती इंजिने वाचवली असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून तेल आपोआप पेटते, ही रुडॉल्फ डिझेल यांची कल्पना. त्यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वीपणे चालले. ठिणगीच नाही म्हटल्यावर भिजून मरण्यासारखे काही नाही. आमच्याकडच्या वडापच्या जीपा बंधाऱ्यावर गुडघाभर पाणी असताना टपावर माणसे घेऊन निघत, त्या या बळावर. त्यातले जाणते ड्रायव्हर पाण्यात शिरण्याआधी पंख्याचा पट्टा काढून ठेवत, म्हणजे पंख्याने पाणी उडून हवेच्या वाटेला लागू नये. सैन्याची तऱ्हा याहून पक्की. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ज्या गाड्या समुद्रातून उतरवल्या त्यांच्या हवेच्या नळ्या उंच करून घेतलेल्या होत्या. पाण्यातून चालायचे असेल तर नाक वर पाहिजे, एवढेच त्याचे सूत्र. ट्रॅक्टरचे नाक असेच बॉनेटच्या वर असते. माझ्या मोटारीचे नाक पुढच्या दिव्यामागे, माझ्या मांडीच्या उंचीला होते. हे मला गाडी घेतल्यापासून सात वर्षे ठाऊक नव्हते.

२३ जुलैची सकाळ. गावाच्या अलीकडे एक ओढा आहे. ओढ्याला स्वतःचा पूर नव्हता. नदी चढल्यामुळे मागे रेटलेले पाणी रस्त्यावर पसरले होते. असे फुगवट्याचे पाणी फार फसवे. ओढ नाही, आवाज नाही, दुधाच्या चहासारखे स्थिर. वाहत्या पाण्याला माणूस भितो. हे पाणी पाहून मला भीती वाटली नाही. वाहते पाणी दीड-दोन फूट असले तरी मोटार उचलून नेते, हे मी मुलांना आपत्ती व्यवस्थापनाच्या धड्यात शिकवत असे. उभ्या पाण्याबद्दल पुस्तकात काही नव्हते.

अलीकडे दहा-पंधरा माणसे उभी होती. त्यांत एस. टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर होते, माझ्या चांगल्या परिचयाचे. ते म्हणाले, "सर, गाडी हितंच लावा. ट्रॅक्टर येतोय, त्येच्यावर बसून जावा." मी ऐकले नाही, कारण समोरून तो ट्रॅक्टर डौलात पाणी कापत येत होता आणि पाणी त्याच्या निम्म्या चाकालाही नव्हते. ट्रॅक्टरचे निम्मे चाक म्हणजे किती, हा हिशेब केला नाही. आई पलीकडे होती.

मी पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली. मध्यावर ट्रॅक्टर शेजारून गेला, त्याची लाट माझ्या बॉनेटवर आली आणि इंजिन घरघरून थांबले.

येथवरही फारसे बिघडले नव्हते, असे मिस्त्रींनी पुढे सांगितले. गाडी मंद होती, इंजिनाने घोट घेतला आणि ते गुदमरून थांबले. मागून ड्रायव्हर ओरडत होते, "किल्ली फिरवू नगासा! सर, किल्ली फिरवू नगासा!" मला ते ऐकू आले. तरी मी किल्ली फिरवली. 'ठक्' असा एकच आवाज झाला. हँडल असते तर तो 'ठक्' माझ्या मनगटाला लागला असता. किल्लीतून बोटांना काहीच कळले नाही. मी पुन्हा फिरवली. इंजिन क्षणभर पेटले, दोन-तीन ठोके पडले, आणि मग लोखंडावर घण बसावा तसा आवाज.

पाच-सहा जणांनी गाडी ढकलून बाहेर काढली. त्यांपैकी कोणीही मला बोलले नाही, हे जास्त लागले. मी ट्रॅक्टरवर बसून पलीकडे गेलो, तर आई घरी नव्हतीच. पहाटे पाणी उंबऱ्याला लागल्यावर चुलतभावाने तिला उचलून शाळेत आणले होते. पूर्वी अशा ठिकाणाला सरकारी भाषेत गंजी केंद्र म्हणत, हल्ली काळजी केंद्र म्हणतात. काळजी हा शब्द कन्नडात आणि मराठीत एकच आहे. आई पाचवीच्या वर्गात बाकावर बसून शेजारणीला तांदूळ निवडू लागत होती. मला पाहून तिने आधी जेवलास का विचारले, मग गाडी कुठे आहे ते विचारले. मी पलीकडे लावली आहे म्हणालो.

गाडी ओढून निपाणीच्या गॅरेजात नेली, हेड उघडले तेव्हा मी समोर होतो. तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड वाकला होता. वाक फार नव्हता, बाजरीच्या कणसाने वाऱ्यात मान टाकावी इतका. पण तेवढ्याने सिलिंडरची भिंत खरवडली होती आणि बेअरिंग गेली होती. मिस्त्री कोल्हापूरला उद्यमनगरात शिकलेले, बोलायला मोकळे. मी विचारले, एवढे पाणी गेले तरी किती असेल? त्यांनी चहाच्या बशीत थोडे पाणी ओतून दाखवले. मी घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. साडेबाराशे सीसीचे, चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन; एका सिलिंडरच्या वाट्याला ३१२ घन सेंटीमीटर. दाबाचे प्रमाण साडेसतराला एक धरले तर दट्ट्या पार वर गेल्यावर हवेला उरते जागा १९ घन सेंटीमीटर. म्हणजे चार छोटे चमचे. तेवढ्याहून जास्त पाणी आत असेल तर दट्ट्याला वर जायला जागाच नाही, आणि पाणी तर दबत नाही. मग वाकायचे ते लोखंडाने. त्याच आकाराच्या पेट्रोल इंजिनात दाब कमी, म्हणून ही जागा ३३-३४ घन सेंटीमीटर असते; तेथे थोडी तरी सवड मिळते.

"नुसत्या सेल्फनं रॉड सहसा वाकत न्हाई, सर," मिस्त्री म्हणाले. "सेल्फ आडकतो आन् थांबतो. तुमची बाकीची तीन सिलिंडरं कोरडी हुती, ती पेटली. त्यांनी मिळून चौथ्याचं हाड मोडलं." न फिरवता आणली असती तर काय केले असते, तेही त्यांनी सांगितले. बॅटरी सोडायची, हवेचा फिल्टर काढून बघायचा, नोझल काढायचे, आणि खाली क्रँकच्या पुलीवरच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचे. पाणी नोझलच्या भोकांतून उडून बाहेर. मग तेल बदलायचे. म्हणजे हँडल पुरते गेलेले नाही तर. ते नटाच्या रूपात इंजिनाच्या पोटाशी आहे, फक्त मालकाच्या हाताला लागत नाही.

बिल सव्वा लाखाच्या घरात गेले. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून ते भागवले, आणि ती भरपाई करायला मला दोन वर्षे लागली.

विम्याचे सांगायचे राहिले. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या मजकुरात पूर आणि जलप्रलय ही नावे नुकसानीच्या कारणांत स्पष्ट लिहिलेली असतात. त्याच मजकुरात पुढे आहे की यांत्रिक बिघाड आणि मूळ नुकसानीतून ओघाने उद्भवणारे नुकसान भरून मिळणार नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, असंख्य गाड्या बुडाल्या, आणि या दोन वाक्यांतले अंतर लोकांना कळले. पाणी गाडीत शिरले तो पूर. ते पाणी आत असताना तुम्ही इंजिन फिरवले तो तुमचा उद्योग. २००७ पासून विमा कंपन्यांना दर ठरवण्याची मोकळीक मिळाली आणि पुढे जादा हप्ता घेऊन इंजिनाला संरक्षण देणारे कलम निघाले. ते मी घेतलेले नव्हते. निपाणीच्या माणसाला मुंबईच्या पुराचे कलम कशाला, असा माझा तेव्हाचा विचार.

तपासायला आलेला तरुण सभ्य होता. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला : गाडी पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला होता का? गॅरेजातल्या सगळ्यांनी मला आदल्या दिवशीच बजावून ठेवले होते की, याला उत्तर 'नाही'. मेहुण्यांनी फोन करून तेच सांगितले. मी 'होय' म्हणालो. त्यात काही मोठेपणा नव्हता. आदल्या आठवड्यात परीक्षा केंद्रावर दोन मुलांना मी खोटे बोलल्याबद्दल उभे केले होते आणि तो तरुण त्यांच्याच वयाचा दिसत होता, एवढेच. आसने, गालिचा, वायरिंग यांचे पैसे मिळाले. इंजिनाचे मिळाले नाहीत. कंपनीने नियमाबाहेर काही केले असे मी म्हणणार नाही. पण पुराचे नाव ठळक आणि बिघाडाचे बारीक, हे छापणे मला अजूनही पटत नाही. माझ्या पत्नीला मी 'होय' म्हणालो हे पटले नाही, आणि मुलीच्या फीच्या वेळी तिने ते मला ऐकवले.

वाकलेला रॉड मिस्त्रींनी भंगारात टाकला नाही, मला दिला. तो मी शाळेत आणून प्रयोगशाळेच्या कपाटात वाफेच्या इंजिनाच्या प्रतिकृतीशेजारी ठेवला. दर जूनमध्ये, पाऊस लागला की, मी नववीच्या मुलांना तो दाखवतो आणि आमच्या जुन्या इंजिनाचे हँडलही गावाहून आणले आहे, ते हातात देतो. मुले आधी हँडलच फिरवून बघतात, हवेत. मागच्या तपासणीच्या वेळी विज्ञानाच्या बाईंनी दोन्ही वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढवायला घेतल्या. 'हँडल, लोखंडी, १ नग' अशी नोंद झाली. रॉडपुढे 'वाकलेला' लिहावे की नाही, असे त्यांनी विचारले. मी लिहा म्हणालो. किमतीचा रकाना त्यांनी कोरा ठेवला आहे.